लेदरच्या सोफ्याला ऊन दाखवू नका

सोफ्याचा रंग उडायला लागला की लोक दुकानात येऊन पहिला प्रश्न हाच विचारतात, ‘ताई, कोणतं क्रीम लावू?’ क्रीमबद्दल मी सांगणार आहे, पण शेवटी. उन्हानं खराब होऊन आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या सोफ्यांतल्या कितीतरी सोफ्यांवर क्रीमचे थर आधीच चढलेले असतात. सोफा मात्र रोज दोन-तीन तास उन्हाच्या पट्ट्यात तसाच उभा असतो. आधी तो पट्टा हटवायचा, मग बाटलीकडे वळायचं.

इंदूरला रामबागेत आमचं सोफा-पडद्यांचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी आणि आमचे मास्टरजी मिळून सांभाळतो. माप घ्यायला मीच घरोघरी जाते, त्यामुळे सोफ्याआधी मला खिडकी दिसते. जुन्या वाड्यांतल्या बैठकी असोत, नाहीतर विजयनगरकडचे मोठमोठ्या काचांचे नवे फ्लॅट, एक गोष्ट सगळीकडे सारखी आढळते. आपल्या घरांत ऊन म्हणजे औषध. गाद्यांना ऊन, गोधड्यांना ऊन, डाळींना, मसाल्यांना ऊन, तान्ह्या बाळालासुद्धा कोवळं ऊन. त्याच सवयीनं पावसाळा संपला की लेदरची खुर्चीही गॅलरीत सरकवली जाते. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण घरातल्या माणसानं ते काळजीपोटीच केलेलं असतं. चामड्याला ऊन सोसत नाही. कमी सोसतं असंही नाही, मुळीच सोसत नाही.

उन्हाचे दोन मार असतात आणि दोन्ही वेगळे समजून घ्यायला हवेत, कारण उपायही वेगळे आहेत. पहिला मार प्रकाशाचा. त्यातले अतिनील किरण रंगाचे कण मोडतात, पण डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही रंग उडवतोच. खिडकीच्या साध्या काचेत अतिनील किरणांपैकी यूव्हीबी बहुतेक अडतात, यूव्हीए मात्र बरेचसे आरपार येतात. म्हणून ‘आमचा सोफा तर काचेच्या आत आहे’ या म्हणण्याला फारसा अर्थ नाही. दुसरा मार उष्णतेचा. चामडं कमावताना त्याच्या तंतूंमध्ये तेल मुद्दाम मुरवलेलं असतं. त्या तेलामुळे आणि आत धरून ठेवलेल्या थोड्या ओलाव्यामुळे लेदर मऊ राहतं. रोज तापून ओलावा उडाला, तेल कमी झालं की तंतू ताठ होतात, आणि बसताना जिथे घडी पडते तिथे आधी बारीक रेषा आणि मग भेगा दिसू लागतात.

प्रकाशाच्या माराचा हिशेब बेरजेचा असतो. थोडा उजेड बरेच दिवस पडला काय किंवा प्रखर उजेड थोडे दिवस पडला काय, सगळं जमा होत जातं, आणि उडालेला रंग सावलीत ठेवून परत येत नाही. संग्रहालयांत रंगवलेलं चामडं साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेडात ठेवतात. भर दुपारचं थेट ऊन १ लाख लक्सच्या आसपास जातं. घरात ५० चा आकडा गाठायचा नाही, तेवढ्या उजेडात पेपर वाचणंही जड जाईल. थेट ऊन मात्र सोफ्यावर पडता कामा नये, एवढं धरून चाला. बाकीचा उजेड पडद्यांनी आटोक्यात येतो.

खर्च करण्याआधी आपला सोफा नक्की कशाचा आहे ते बघून घ्या. सोफा उलटा केला की खाली काळं पातळ कापड ठोकलेलं दिसेल. कोपऱ्यातल्या दोन पिना काढा आणि आत वळवलेली लेदरची कड बघा. मागची बाजू सुएडसारखी तंतूंची, थोडी केसाळ असेल तर ते चामडं. मागे विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे कृत्रिम लेदर. दाबून चिकटवलेल्या भुशासारखा थर दिसला तर बाँडेड लेदर, म्हणजे चामड्याचा चुरा आणि वरून प्लॅस्टिकचं कोटिंग. कित्येक सोफ्यांना बसायच्या भागाला खरं लेदर आणि पाठीमागे, बाजूंना रेक्झिन असतं. दोन्ही आज एका रंगाचे दिसतात, पण ऊन लागलं की दोन वर्षांत वेगळे दिसायला लागतात. रेक्झिनमधला त्याला मऊ ठेवणारा घटक उष्णतेनं निघून जातो आणि ते कडक होऊन तडकतं. पीयूचा थर उष्णता आणि दमट हवा दोन्हींमुळे पापुद्र्यांनी सुटतो. या दोघांना क्रीमचा काही उपयोग नाही, कारण ते आत शिरतच नाही. सावली मात्र त्यांनाही तेवढीच हवी.

खरं चामडं निघालं तर न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब तसाच राहिला तर वर रंगद्रव्याचं कोटिंग आहे, हे लेदर जास्त दणकट. थेंब मुरून डाग गडद झाला तर ते कोटिंग नसलेलं अ‍ॅनिलिन. दिसायला सगळ्यांत सुंदर, हाताला सगळ्यांत मऊ आणि उन्हात सगळ्यांत आधी उडणारं. सेमी-अ‍ॅनिलिन या दोघांच्या मधलं. अ‍ॅनिलिनचा सोफा घरात असेल तर पुढचं सगळं दुप्पट काटेकोरपणे पाळा.

आता खिडकी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सोफा वाचतो तो इथेच.

इंदूर कर्कवृत्ताच्या थोडंसं खाली आहे. कर्कवृत्त उज्जैनच्या जरा वरून जातं. त्यामुळे जूनच्या आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. मे-जूनमध्ये दक्षिणेच्या खिडकीतून दुपारचं ऊन जवळजवळ येतच नाही. डिसेंबरच्या शेवटी मात्र दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४४ अंशांवर असतो. खिडकीची चौकट जमिनीपासून ७ फुटांवर संपत असेल, तर त्या दिवशी ऊन भिंतीपासून सव्वासात फूट आत येतं. चौकटीला लागूनच वर २ फुटांचा छज्जा असेल तर तेवढे २ फूट कमी धरा. तरीही पाच फूट उरतात, म्हणजे भिंतीला लावलेला अख्खा सोफा त्यात येतो. एप्रिलच्या मध्यावर हेच ऊन दीड-पावणेदोन फुटांवर येऊन थांबतं.

आपण उलटं वागतो. मे महिन्यात पडदे, खसच्या टट्ट्या, सगळा बंदोबस्त करतो. दिवाळीनंतर थंडी पडली की तेच पडदे सताड उघडतो, सोफा उन्हाकडे ओढतो आणि त्या उबेत दुपारचा चहा घेतो. माळव्यातली थंडी आहेच तशी, मी कुणाला नाव ठेवत नाही. पण दक्षिणेच्या खिडकीजवळचे सोफे उडतात ते दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढेपर्यंत. उन्हात बसायचंच असेल तर वेताची खुर्ची घ्या, सतरंजी टाका. लेदर तिथून हलवा.

पश्चिमेची गोष्ट वेगळी. संध्याकाळचं ऊन इतकं आडवं येतं की छज्जा कितीही मोठा असो, त्याच्या खालून शिरतं. मे महिन्यात सूर्य नेमका पश्चिमेला मावळत नाही, वीस-बावीस अंश उत्तरेकडे सरकून मावळतो. म्हणून ज्या उत्तरेच्या खिडकीला आपण बिनधोक समजतो, तिच्यातूनही उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपी तिरीप आत येते. पूर्वेचं ऊन कोवळं म्हणून सोडून देऊ नका. त्यात उष्णता कमी असते हे खरं, रंग मात्र तेही उडवतं.

आणि वर बघा. हल्ली डुप्लेक्सच्या जिन्यावर किंवा डक्टवर फायबर शीट किंवा काच टाकून उजेड घेतात. हिवाळ्यात तिथून ऊन भिंतीवर पडतं, मे महिन्याच्या दुपारी सरळ खाली. जिन्याखालच्या जागेत छान म्हणून ठेवलेली लेदरची आरामखुर्ची नेमकी त्याच वेळी भाजून निघते. तिथे शीटच्या वर गच्चीवरून ग्रीन नेट ताणून घ्या. स्वस्तातलं काम आहे.

तुमच्या घरातला पट्टा कुठे पडतो हे शोधायला कुणाला बोलवायची गरज नाही. निरभ्र दिवशी सकाळी नऊपासून दर तासाला जमिनीवर पडलेल्या उन्हाची कड खडूनं आखा. आखायचा कंटाळा असेल तर फोन एका जागी ठेवून दर तासाला एक फोटो काढा. दक्षिणेच्या खिडकीसाठी हे डिसेंबरात करा, पश्चिमेच्या खिडकीसाठी मे महिन्यात. सोफ्याची पाठ जमिनीपासून तीन फूट उंच असते, म्हणून जमिनीवरची रेघ पुरेशी नाही. सोफा असतो तिथे पुठ्ठा उभा धरून त्यावर ऊन येतं का तेही पाहा.

हे कळलं की पहिला उपाय फुकट आहे. सोफा हलवा. खिडकीला पाठ लावून ठेवलेला सोफा समोरच्या किंवा बाजूच्या भिंतीला घ्या. खोली लहान असेल तर निदान खिडकीपासून दोन-तीन फूट सुटतील असं बघा. ‘टीव्ही इकडे आहे, त्यामुळे सोफा तिकडेच’ हे मी फार घरांत ऐकते. टीव्हीची वायर लांबवायला फार पैसे पडत नाहीत, लेदरचा एक अख्खा भाग बदलायला पडतात.

सोफा हलत नसेल तर ऊन काचेच्या बाहेरच अडवा. काच ओलांडून आत आलेल्या उन्हाचा उजेड पडद्यानं अडतो, पण उष्णता खोलीतच राहते. बाहेरची सावली दोन्ही अडवते. बांबूची चीक (काड्यांचा गुंडाळता येणारा पडदा), खसचा पडदा किंवा गॅलरीला ७५ नाहीतर ९० टक्क्यांची ग्रीन नेट, यांतलं काहीही चालेल. पश्चिमेला वरून खाली पूर्ण सोडता येईल असंच घ्या, अर्धवट लोंबणारी चीक संध्याकाळच्या आडव्या उन्हापुढे निकामी ठरते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना तर मी नेहमी चीकच सुचवते, घर बदललं की गुंडाळून नेता येते.

काचेवर फिल्म लावायची असेल तर दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: अतिनील किरण किती टक्के अडतात, दिसणारा उजेड किती आत येतो आणि उष्णता किती अडते. चांगल्या फिल्म ९९ टक्क्यांपर्यंत अतिनील किरण अडवतात, आणि अगदी पारदर्शक फिल्ममध्येही हे मिळतं. म्हणजे काळी फिल्म जास्त चांगली असं नाही. पण फिल्म लावली म्हणून पडदे काढून टाकू नका. दिसणारा उजेड येतोच, त्यामुळे रंग उडण्याचा वेग कमी होतो, उडणं थांबत नाही. काच दुहेरी, लॅमिनेटेड किंवा मुळातच रंगीत असेल तर उष्णता शोषणारी गडद फिल्म लावल्यावर ती असमान तापून तडकू शकते, हे लावणाऱ्याशी आधी बोलून घ्या. लावल्यावर महिनाभर पुसू नका, आणि पुढेही अमोनिया असलेला काचेचा स्प्रे त्यावर मारू नका.

पडद्यांबाबत एवढंच की अस्तर लावून शिवा आणि चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना पाच-सहा इंच जास्त रुंद घ्या. पडदा आणि भिंतीच्या मधल्या फटीतून येणारी उन्हाची रेघ सोफ्यावर बरोबर रेघेसारखीच उमटते.

आता एक गोष्ट घरातल्या मोठ्यांना सांगायला जड जाते, पण सांगावी लागते. सोफ्याच्या पाठीवर क्रोशाचे रुमाल टाकायची आपल्याकडे फार जुनी हौस आहे, आणि ते असतातही देखणे. उन्हातल्या लेदरवर मात्र तो रुमाल ठेवू नका. जाळीच्या छिद्रांतून जिथे प्रकाश जातो तिथला रंग उडतो, दोऱ्याखालचा राहतो. काही महिन्यांनी रुमाल उचलला की त्याची अख्खी नक्षी लेदरवर छापलेली दिसते आणि ती पुसून जात नाही. झाकायचंच तर सबंध सुती चादरीनं, सगळा भाग सारखा झाकला जाईल असं झाका. डोकं टेकतं तिथे मात्र घट्ट विणीचा साधा सुती तुकडा जरूर ठेवा, केसांचं तेल लेदरच्या कोटिंगला मऊ करून सोडवतं. चादर फिक्या रंगाची असू द्या. नवी गडद लाल-निळी चादर घामानं फिकट लेदरवर रंग सोडते. प्लॅस्टिक कधीच नको. खाली वाफ कोंडते आणि उन्हाळ्यात ते लेदरला चिकटूनही बसतं.

सुट्या गाद्या दोन्ही बाजूंनी लेदरच्या असतील तर महिन्यातून एकदा पालटा आणि जागा बदला. याने रंग उडायचा थांबत नाही, पण एकच कोपरा वेगळा दिसत नाही.

उन्हाळ्यात कूलरची दिशा तपासा. इंदुरात घरोघर कूलर आहे आणि बऱ्याच घरी त्यात बोरिंगचं जड पाणी पडतं. झोत सरळ सोफ्यावर आला तर पाण्याचे बारीक कण सुकून क्षारांचे पांढरट ठिपके उमटतात, आणि दिवसा उन्हानं कोरडं, रात्री ओलं असं होत राहिलं की भेगा लवकर पडतात. एसीचा झोत उलट लेदर सुकवतो. दोन्हींची तोंडं फिरवा.

आता ती बाटली. आठवड्यातून एकदा मऊ कोरड्या कपड्यानं धूळ पुसा. धूळ घड्यांत बसून घासते आणि कोटिंग पातळ करते, मग त्यावर ऊन आणखी सहज चढाई करतं. महिन्यातून एकदा मायक्रोफायबरचं कापड घट्ट पिळून पुसा, पाणी आरओचं किंवा बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या. साबण लागलाच तर लेदरसाठी मिळणारा न्यूट्रल पीएचचा. कंडिशनर वर्षातून दोनदा-तीनदा पुरे. एकदा उन्हाळा लागायच्या आधी, होळीच्या सुमाराला. एकदा पावसाळा संपल्यावर. तिसरं लागलं तर थंडीत. आधी मागच्या कोपऱ्यात लावून एक दिवस थांबा, रंग बदलला नाही तर पुढे जा. थोडंसं कापडावर घ्या, थेट सोफ्यावर ओतू नका, अर्ध्या तासानं जास्तीचं पुसून काढा. काही कंडिशनरवर यूव्ही संरक्षण लिहिलेलं असतं. त्याची थोडी मदत होते, पण पडद्याची जागा ते घेत नाही. नुबक आणि सुएड या मखमली पोताच्या लेदरला क्रीम लावायचंच नाही, फक्त मऊ ब्रश.

खोबरेल लावू नका. मोहरीचं तेल, ऑलिव्ह ऑइल, तूप, बुटाचं पॉलिश यांतलं काहीच नको. खाण्याचं तेल लेदर गडद करतं, धूळ ओढतं आणि कालांतरानं खवट होतं. खोबरेल तर २४-२५ अंशांखाली गोठतं, त्यामुळे इंदूरच्या थंडीत घड्यांमध्ये पांढरट थर दिसायला लागतो, आणि लोक त्याला बुरशी समजून सोफा उन्हात नेतात. व्हिनेगर, डेटॉल, काच पुसायचा स्प्रे, बाळाचे ओले वाइप्स, हे सगळं कोटिंगच्या जिवावर उठतं.

मे महिन्यात सुट्टीला गावी जाणार असाल तर सोफा पुसून, कोरडा करून, सुती चादरींनी पूर्ण झाका आणि खोलीतले पडदे ओढून घ्या. झडपा किंवा व्हेंटिलेटर थोडे उघडे राहू द्या, बंद तापलेली खोली लेदरला वाईट. पावसाळ्यात सोफा भिंतीपासून चार-पाच इंच पुढे घ्या म्हणजे मागे हवा खेळेल. बुरशी आलीच तर कोरड्या कपड्यानं पुसा, तो कपडा लगेच घराबाहेर धुवा, पंखा लावून सावलीत सुकवा. ऊन दाखवून बुरशी जाईल, पण बरोबर रंगही जाईल. घरात आपली इंदूरची चामड्याची खेळणी असतील, तारेच्या सांगाड्यावर आणि कागदाच्या लगद्यावर शेळी-मेंढीचं पातळ चामडं चढवलेले ते घोडे, हरणं, उंट, तर त्यांनाही हेच सगळं लागू आहे. खिडकीतल्या शोकेसमधून त्यांना आतल्या भिंतीवर न्या.

रंग आधीच उडाला असेल तर काय होऊ शकतं? कोटिंगवालं लेदर पुन्हा रंगवता येतं. साफ करून, हलकं घासून, रंगद्रव्याचे पातळ हात आणि वर संरक्षक कोट. एका डागापुरतं रंगवू नका, शिवणीपासून शिवणीपर्यंतचा अख्खा भाग घ्या, नाहीतर ठिगळ दिसतं. अ‍ॅनिलिनला रंग गडद करता येतो, मूळ छटा हुबेहूब जुळवणं फार अवघड. बारीक भेगा भरता येतात, खोल गेलेल्या भागाला नवं लेदर चढवणं बरं. बाँडेडचे पापुद्रे सुटायला लागले की त्यावर खर्च करू नका असं मी ग्राहकाला सरळ सांगते. आणि कोणतंही काम असो, खिडकीचा बंदोबस्त झाल्याशिवाय आम्ही रंगकामाची तारीख देत नाही.

नवा सोफा करवून घेत असाल तर कारागिराकडून त्याच लेदरचा वीतभर उरलेला तुकडा मागून घ्या. अर्धा भाग अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गच्च गुंडाळा, अर्धा उघडा ठेवा आणि सोफा जिथे ठेवायचा आहे तिथेच, त्याच उंचीवर भिंतीला चिकटवा. तीन महिन्यांनी फॉइल काढून दोन्ही अर्धे शेजारी बघा. फरक दिसत असेल तर ती जागा बदला, किंवा आधी बाहेर चीक लावून तसाच दुसरा तुकडा पुन्हा तीन महिने तपासा.